तळव्यावरचा शिरा

शेजारच्या वहिनींकडे सत्यनारायण होता. बाकीची मुलं तळवे चाटत होती आणि माझी सात वर्षांची मुक्ता हातावरचा प्रसादाचा शिरा तसाच घेऊन माझ्यापाशी उभी होती.

मुक्ताला आकडी येते. औषधांनी थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी कीटोचा आहार सुरू केला. तूप-लोणी भरपूर, भात, पोळी, साखर जवळजवळ बंद, आणि सगळं काट्यावर तोलून. काही मुलांना यानं गुण येतो म्हणतात. मुक्ताला गेल्या चार महिन्यांत आकडी आलेली नाही.

"भावोजी, प्रसादाला नाही म्हणू नये हो. चिमूटभर तरी!"

चार महिन्यांपूर्वीच्या पूजेत हे वाक्य माझं होतं. तिसऱ्यांदा शिरा मागणारा माणूस मी. आहार सुरू असतानाही देवाच्या नावावर लेकीला चाटवला. दुसऱ्या दिवशी आकडी आली. शिऱ्यामुळेच आली का, हे डॉक्टरही छातीठोक सांगेनात.

प्रसाद म्हणजे सगळ्यांनी एकाच पातेल्यातलं खाणं. त्यात जो खात नाही, तो भरल्या घरात किती एकटा पडतो!

मुक्तानं शिरा माझ्या हातावर ठेवला. "बाबा, तू खा."

मी खाल्ला.

"गोड आहे?"

"छे गं, साखर कमीच पडलीय."

वहिनींनी माझ्याकडे डोळे वटारले. मुक्तानं रिकामा तळवा नाकाशी नेऊन एकदा खोल वास घेतला. मग कुणीही न सांगता ती बेसिनपाशी गेली, आणि टाचा उंचावून बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा साबण फिरवत राहिली.