बादशा आणि अर्धी भाकर

आज सांगूनच टाकतो. बायकोला माहीत नाही, पोरांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते आबा तर गेलेच. तुम्ही आपले ऐका. मध्येच ‘जाऊ द्या हो’ म्हणू नका — त्या शब्दाचा मला वीट आलाय.

आबा म्हणजे माझे थोरले काका. नशिराबादला आमचं घर, केळीचा धंदा, आणि आबांचा अल्सेशियन कुत्रा बादशा. पोटच्या पोरांना कधी जवळ घेतलं नाही या माणसाने, पण बादशाला स्वतःच्या ताटातलं भरवायचे!

तेव्हा, ऐंशीच्या दशकात, आमच्याकडे कुत्र्यांच्या प्रदर्शनांचं खूळ आलं होतं. जळगाववाल्यांनी भरवलं की धुळेवाल्यांना भरवायलाच हवं. आणि तेही त्याच रविवारी! का? तर दोन्हीकडच्या मंडळींचं पटत नाही म्हणून. अरे, तुमचं पटत नाही तर कुत्र्यांनी काय घोडं मारलंय? पण त्यांना काय बोलू — दोन्हीकडे नाव घालणारा शहाणा मीच ना! आबांना सांगितलं फक्त जळगावचं. ते म्हणाले होते, “दुपारच्या आत घरी आन त्याले. ऊन लागतं.”

होळी जवळ आली होती. सकाळी निघताना शेजारचे वासुदेवभाऊ कुंपणापाशी आले आणि त्यांनी बादशाला अर्धी भाकर घातली. कुत्रा रात्री भुंकतो म्हणून शिव्या देणारा हाच माणूस — “एक दिवस याले गप करतो” असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा — आणि सकाळी भाकरही हाच घालायचा. माझं डोकंच फिरलं. प्रदर्शनाच्या दिवशी भाकर? पोट सुटलेलं दिसेल की! म्हणून मग मी बादशाला पाणीच दिलं नाही. दिवसभर.

जळगावात दुसरा नंबर आला. कुणीही गपचूप घरी गेलं असतं. मी टेम्पो धुळ्याकडे वळवला. विंचरलेल्या केसांवर धूळ नको म्हणून मागे केळीची ओली पानं अंथरली, बादशाला त्यावर बसवलं आणि वरून ताडपत्री आवळून बांधली. वाटलं, गारवा राहील. पारोळ्याच्या पुढे टायर बसलं. स्टेपनीतही हवा नाही. चाक घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलो, टेम्पो उन्हात तसाच.

आता तुम्हीच सांगा — आम्ही केळीवाले! वखारीत केळी पिकवतात ती कशी? झाकून, कोंडूनच ना? आत किती उकडतं हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोराला कळतं. मला कळलं नाही? कळलं असणार. घाई होती, दुसरं काय!

धुळ्यात ताडपत्री सोडली तेव्हा तो धापा टाकत होता, डोळे लाल. तरीही मी त्याला रिंगणात नेला. “उभा राहा” म्हटलं — आणि तो राहिला हो. थरथरत, पण मान ताठ करून. मग मागचे पाय गेले. लोकांनी पाणी ओतलं. उपयोग झाला नाही.

संध्याकाळी घरी आणला. आबा ओट्यावर मटकन बसले. बातमी कळताच वासुदेवभाऊ फावडं घेऊन आले आणि न विचारता परसात खड्डा खणायला लागले. डोळ्यांतून पाणी गळत होतं त्यांच्या.

आबांनी मला जवळ बोलावलं. “आज कोनी काही खाऊ घातलं का रे त्याले?”

तोंड उघडायची हीच वेळ होती. धुळं, ताडपत्री, पाणी — तीन शब्द. मी म्हणालो, “वासुदेवभाऊंनी सकाळी भाकर दिली होती.”

यात एक अक्षर खोटं नाही. बघा ना! तेवढ्यासाठीच मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. साधं खोटं बोललो असतो तर कधीतरी पकडला गेलो असतो.

आबा पुन्हा वासुदेवभाऊंच्या घराची पायरी चढले नाहीत. भाऊंच्या पोरीच्या लग्नाला आमच्यातलं कुणी गेलं नाही. गल्ली त्यांना ‘कुत्रं मारणारा’ म्हणायची. आबा गेले तेव्हा वासुदेवभाऊ खांदा द्यायला पुढे आले, तर माझ्या चुलतभावाने त्यांना हाताने मागे सारलं. मी शेजारीच उभा होतो.

तेव्हाही बोललो नाही. त्या संध्याकाळी परसात तर नाहीच नाही. आबा उठले, खड्ड्यापाशी गेले आणि वासुदेवभाऊंच्या हातातलं फावडं काढून घेतलं. “नीघ,” एवढंच म्हणाले. भाऊंना काही कळेना. ते आबांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. ते गेले.

खड्डा अर्धा झाला होता. उरलेला मी खणला.