दाराकडून सुरुवात

तांडेलांना सभेत आधी बोलताना कुणी कधी ऐकलं नाही. नवापूरच्या आमच्या मच्छीमार सोसायटीचे ते चेअरमन. बोटीचा म्होरक्या तो तांडेल; त्यांची बोट केव्हाच मुलाच्या हाती गेली होती, पण गावाला ते तांडेलच. खुर्चीत बसले की कपाळावर हात आडवा धरून दाराकडे बघत आणि म्हणत, "दाराकडून चालू करा."

दाराशी बसत मासळी विकणाऱ्या बायका. टोपल्या बाहेर, कावळे टपलेले, म्हणून एक डोळा तिकडे. शेजारी उशिरा आलेले आणि नवखे. मी घाटावरचा, नवा सेक्रेटरी, पहिल्या दिवशी तिथेच टेकलो. तांडेल म्हणाले, "ए घाटावरच्या, तू बोल." म्हटलं, मला मासळीतलं ओ की ठो कळत नाही. "म्हनूनच बोल. आतल्यांना सगलं ठीकच दिसतं."

एकदा सोसायटीच्या कारखान्याचा बर्फ खपेना. आतले यंत्राला शिव्या घालत बसले. दारातून जनाबाई म्हणाली, "बोटी आता लांब जातात, दुपारी लागतात. तुमचा सकालचा बर्फ तवर पानी होतो." तांडेलांनी दुसऱ्याच दिवशी बर्फ काढायची वेळ बदलली आणि कारखाना तरला. मला वाटलं, नशिबाने तरला. इतका मी शहाणा!

पुढे तांडेलांना ऐकू येईनासं झालं, त्यांनी खुर्ची सोडली. नवे चेअरमन सगळं माझ्यावर सोपवून मोकळे. मी विषयपत्रिका छापून आणू लागलो, सभा तासाभरात उरकू लागलो. दाराची पाळी शेवटी लावली, आणि शेवटी वेळच उरत नसे. बायका दोन सभांना आल्या, मग फिरकल्याच नाहीत. सभेत आता गोंगाट होत नाही, म्हणून मी चक्क खूश होतो.

बर्फ पुन्हा पडून राहू लागला. आम्ही भाव उतरवले, यंत्र दुरुस्त केलं, काही उपयोग झाला नाही. कारखाना बंद पडल्यावर जनाबाई बाजारात भेटली. म्हणाली, "बोईसरचा टेंपो गल्लीत येतो, बर्फ फोडून देतो. तुमच्याकडं आख्खी लादी. आमी कशी उचलायची?"

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं कोनी?"

सोसायटी गुंडाळायच्या सभेला तांडेल काठी टेकत आले आणि दाराशी बसले. तिथे दुसरं कुणीच नव्हतं. त्यांच्या कानाशी वाकून मी ओरडलो, "तांडेल, आज दाराकडून चालू करतो. बोला."

त्यांनी काठीने शेजारची रिकामी जागा दाखवली.

"मला काय इचारतोस? मला कलत असतं तर जलमभर दाराकडं इचारीत बसलो असतो का?"

मी जागेवर परतलो. इतिवृत्तात लिहिलं, ठराव एकमताने मंजूर. ते अक्षर माझं आहे, आणि मला त्याची लाज वाटते.