ब्रेंडनचं ‘ग्रँड’

ऑर्केस्ट्रात वाजवण्यापेक्षा थांबणंच जास्त. बाकीचे वाजवत असतात आणि आपण आपली पाळी येईपर्यंत मनात मात्रा मोजत बसायचं. बोलायला बंदी, पण डोळे-कान मोकळे! आयर्लंडमधल्या टॅला गावातल्या आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात मी शेवटच्या रांगेत व्हायोलिन वाजवते, त्यामुळे किस्से सगळ्यांत जास्त माझ्याकडेच साठतात. २०२०-२१ चे तर बहुतेक सगळे लियांगबाईंचे.

*

लियांगबाई आमच्या नव्या कंडक्टर. चीनमधल्या त्यांच्या शहरात हातात काठी घेऊन ऑर्केस्ट्रासमोर उभी राहिलेली पहिली बाई त्याच. आमच्याकडेही तोवरचे सगळे कंडक्टर पुरुषच. कमिटीने त्यांना एकच कॉन्सर्ट दिली होती. ती झाली की त्यांना कायम ठेवायचं की नाही ते ठरणार. आणि ठरवणार कोण? ब्रेंडन! कमिटीचा अध्यक्ष, चेलोवाला (चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ), रिटायर्ड बस ड्रायव्हर.

पहिल्या तालमीला त्याने समोरच्या नोटेशनच्या कागदावरून डोळे म्हणून वर केले नाहीत. शेवटी लियांगबाईंनी विचारलं, “जरा माझ्याकडे बघाल का?”

“आयुष्यभर बस चालवली,” ब्रेंडन म्हणाला. “कुठे वळायचं ते मला कुठल्या कंडक्टरने सांगितलेलं नाही!”

*

आम्ही तालीम करायचो तो हॉल चर्चचा. तिथला केअरटेकर एकदा चाव्या घेऊन दारातच उभा. लियांगबाई सगळ्यांच्या आधी पोचलेल्या.

“हॉल उघडतो,” तो म्हणाला, “पण युअर मॅन कुठाय?”

आयर्लंडमध्ये ‘युअर मॅन’ म्हणजे नुसतं ‘तो माणूस’. त्याला कंडक्टर हवा होता. बाईंना वाटलं, हा नवऱ्याची चौकशी करतोय.

“माझं लग्न झालेलं नाही.”

“मग ऑर्केस्ट्रा कोण चालवणार?”

“त्याला लग्न लागतं?”

*

मग लॉकडाउन लागला. माझी आई मिरजेहून दोन महिन्यांसाठी आली होती. विमानं बंद झाली आणि ती राहिलीच. तालमी झूमवर गेल्या. आवाज मागेपुढे पोचायचा, म्हणून सगळ्यांनी म्यूटवर राहायचं, स्क्रीनवर बाईंचे हात बघायचे आणि आपापल्या घरात वाजवायचं.

एकदा मी म्यूट करायला विसरले. नेमक्या शांत जागी आमच्या कुकरने शिट्टी मारली.

बाईंची काठी थांबली. “पिकोलो बासरी! सूर छान आहे, पण तुमची एंट्री अजून आलेली नाही!”

मी जीभ चावली. स्वयंपाकघरातून आई ओरडली, “तिला सांग, अजून दोन व्हायच्यात!”

*

पुढच्या उन्हाळ्यात भेटायला परवानगी मिळाली, पण उघड्यावर. मग तालीम चर्चच्या कार पार्कमध्ये. वाऱ्याने सगळ्यांचे कागद उडायला लागले, तेव्हा आईने घरून पिशवीभर कपड्यांचे चिमटे आणले. तेव्हापासून तिला तालमीत हक्काची खुर्ची मिळाली.

आम्ही बसवत होतो त्या सिंफनीच्या संथ भागात एक जागा होती. चेलो हळूहळू वर चढतात, सगळं थांबतं, आणि मग चेलो एकदम खाली सुरावर येतात. मिरजेत मैफली ऐकत म्हातारी झालेली माझी आई! चेलो खाली आले आणि ती मोठ्यांदा म्हणाली, “व्वा!”

सोबत आलेल्या माझ्या मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आज्जी, यू कान्ट! यू क्लॅप ॲट दि एंड!”

“शेवटी? तोवर विसरून जाईन की मी! आवडलं की तिथंच सांगायचं.”

लियांगबाई विचारायला आल्या. मी समजावलं, “आमच्याकडे वाजवणं चालू असतानाच दाद देतात.” “आणि कलाकारानं असा हात लावायचा,” म्हणत आईने हात कपाळाला लावून दाखवला. बाईंनी तसं दोनदा करून बघितलं.

*

त्याच दिवशी बाई मला म्हणाल्या, “ब्रेंडन दर तालमीनंतर ‘ग्रँड’ म्हणतो. ते व्वाच्या वरचंच ना?”

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, “इथे ग्रँड म्हणजे... चालेल.”

“चालेल? वर्षभर मी घरी फोन करून सांगतेय, अध्यक्ष म्हणाले भव्य झालं!”

त्या तडक ब्रेंडनकडे गेल्या. “ग्रँडच्या वर तुमच्याकडे काय आहे?”

ब्रेंडनने चेलो पेटीत ठेवला, झाकण लावलं. “काही नाही. ग्रँड हा शेवटचा स्टॉप.”

*

कॉन्सर्ट ऑक्टोबरात, त्याच चर्चमध्ये. लांब लांब मांडलेल्या खुर्च्या, फुंकून वाजवणारे सोडले तर आमच्यासकट सगळ्यांना मास्क. सुरू होण्यापूर्वी लियांगबाईंनी ब्रेंडनला नुसतं “तयार?” विचारलं, तर म्हणाला, “कॉन्सर्ट संपल्यावर माझं मत सांगेन.” इकडे माझ्या मुलीने आज्जीकडून शपथ घेतलेली: तोंडातून अक्षर काढायचं नाही!

संथ भाग आला. चेलो चढत गेले. सगळं थांबलं. बाईंची काठी हवेत.

तालमीत इतकं त्यांनी कधीच थांबवलं नव्हतं. कागदात बघून ही जागा कुणालाच धरता आली नसती. मी बघितलं, ब्रेंडनने डोळे वर केले होते. थेट काठीवर.

काठी खाली आली आणि सगळे चेलो एका माणसासारखे सुरावर उतरले.

“व्वा!”

चर्चभर आवाज घुमला. झालं! मी चमकून पहिल्या रांगेत आईकडे बघितलं. तिने मास्कवरून पदर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला होता. डोळे विस्फारून ती ब्रेंडनकडे बघत होती.

लियांगबाईंचा उजवा हात चालूच होता. डावा त्यांनी अलगद कपाळाला लावला.