दोन धारांच्या मधलं माहेर

पहाटे पाचला म्हशीची धार काढायची, संध्याकाळी पाचला पुन्हा काढायची, आणि मध्ये जेवढा दिवस उरेल तेवढ्यात माहेरी जाऊन यायचं. बत्तीस वर्षं मी माहेरपण असंच केलं. सासर हट्ट्याजवळ, माहेर तिरोडीच्या बाजूला, बालाघाटला बस बदलायची. दहाच्या सुमारास पोचायचं, आईच्या हातचे दोन घास खायचे, आणि समोरच्या शाळेत दुपारच्या जेवणाची घंटा झाली की निघायचं. घंटा झाली की आईच म्हणायची, "निघ बाई. म्हस वाट पाहून राह्यली असंल."

लोक म्हणतात, दुधाचा धंदा चांगला, रोजचा असतो. रोजचा असतो हेच तर दुखणं आहे. धान कापून झालं की बांधी, म्हणजे धानाचं शेत, निदान पडून राहते. म्हशीच्या कासेला दिवाळी नाही की दसरा नाही, आणि तिच्यापुढे बसणारीलाही नाही.

यात चूक आमच्याच घरची. लग्नात आईनं मला वगार आंदण दिली होती, अजून एकदाही न व्यालेली तरणी म्हैस. आज दावणीला आहे ती तिचीच पणती. वगारीबरोबर आईनं शिकवणही दिली, "धार एकाच हातानं काढावी. चार हात लागले का म्हस बिघडते." मी ती शिकवण मंत्रासारखी पाळली. कोणाला कासेला हात लावू दिला नाही. माझ्याशिवाय ती कोणाला पान्हा सोडत नाही, हे विहिरीवर चारचौघींत मी मिरवायची. मूर्खपणा कसा मिरवतात ते माझ्याकडून शिकावं.

धाकट्या भावाच्या लग्नाला एक दिवस राहिले होते. इकडे नवरा बादली घेऊन बसला, तर म्हशीनं लाथेनं बादली उडवली आणि दूध चढवून घेतलं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर कास दगडासारखी. आठ दिवस शेकत बसले. त्यानंतर राहण्याची गोष्ट ना मी काढली, ना घरात कोणी.

विकून टाक म्हणणारे पुष्कळ भेटले. पण आमच्या घरात म्हैस नुसत्या दुधापुरती नाही. धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, म्हशीला, म्हशीचं शेण बांधीला, आणि मधल्या वाटेवर डोक्यावर टोपलं घेतलेली मी. नवरा मोकळेपणी म्हणायचा, "बांधी माही, पण तिले जेवू घालते तुही म्हस." ज्यांनी गोठे मोडले ते आता युरियाची पोती वाहतात आणि उन्हाळ्यात आमच्याच दारी गाडीभर शेणखत मागायला येतात. तेव्हा नवऱ्याची छाती फुगते. माझे गुडघे फुगतात.

या वर्षी धान घरात आलं आणि आईनं अंथरूण धरलं. आधी पाय गेले, मग आठवण जायला लागली. भावाचा फोन आला. म्हणाला, "माय सारखी तुलेच पुसते. म्हणते, एक रात तरी राह्य म्हणा तिले."

मी फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन शेण ओढायला लागले. रडायला वेगळा वेळ कुठून काढणार? नवरा मागून आला आणि खाली पाहत म्हणाला, "तुहं पातळ ठेवून जाय. न धुतलेलं."

"काहून?"

"ते नेसून बसतो. वासानं देते म्हस दूध. माहा काका बसे तसा, काकी बाळंतपणाले गेली का."

हातातलं फावडं मी हातातच ठेवलं, हे त्याचं नशीब. "बत्तीस वर्षं काहून नाही सांगितलं तुम्ही?"

"लाज वाटे ना," तो म्हणाला.

लाज वाटायची! त्याला एक लुगडं नेसायची लाज वाटली म्हणून मी बत्तीस वर्षं आईच्या दारातून दुपारीच परत फिरले. भांडायला हवं होतं. कडाकडा भांडायला हवं होतं. पण त्या दिवशी अंगात भांडण उरलं नव्हतं. अंगावरचं हिरवं पातळ बदललं, ते खुंटीवर टांगलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची धार काढून बस धरली.

आई खाटेवर एवढीशी झाली होती. मला पाहून चेहरा फुलला. "आली बाई? जेवून घे." हाताला हात लावून बसली. माझ्या तळव्याच्या घट्ट्यांवरून बोट फिरवत राहिली. मी तिला सांगितलं, "माय, आज मले जायचं नाही. मी राहून राह्यली." ती हसली, मान डोलावली. मला वाटलं, जमलं एकदाचं.

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. आईनं माझा हात सोडला. "निघ बाई."

"नाही ना जायचं, माय. तिकडं धार काढाले माणूस आहे."

"कोन माणूस? ते कोनाले दूध देते? निघ, म्हस हंबरून राह्यली असंल." ती उठायला बघत होती, पाय हलत नव्हते, आणि श्वास लागला. मी समजावत होते, भाऊ समजावत होता. ती ऐकेना. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बस चुकंल ना वो."

शेवटी मी पिशवी उचलली, तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि "येतो माय" म्हणून बाहेर पडले. जाऊन जाऊन कुठे जाणार? शाळेजवळच्या हापशीच्या ओट्यावर बसले. पोरं थाळ्या वाजवत खिचडी खात होती. अर्ध्या तासानं तीच पिशवी घेऊन परत आले.

"कधी आली बाई?" आई आनंदून म्हणाली. "जेवून घे."

"हौ माय, आत्ताच आली."

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "देल्लं तिनं दूध. जरासं कमी."

"पातळ नेसता आलं?"

"गुंडाळलं. कोणाले सांगू नोको."

बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं. मग रागही आला. एवढं सोपं होतं तर.

मी तीन रात्री राहिले. आईशेजारी खाली अंथरूण टाकलं. पहाटे पाचला डोळे आपोआप उघडायचे, बोटं आपोआप आखडायची, आणि काढायला धार नसायची. आईच्या केसांना तेल लावलं, तिला न्हाऊ घातलं, आंबील भरवली. तीनही दुपारी घंटा झाली की पिशवी उचलून हापशीवर जाऊन बसले आणि अर्ध्या तासानं पाहुणी होऊन आले. वहिनी म्हणायची, "किती सोंग कराल बाई?" मी म्हणायची, "ती खुशीत आहे ना, मग झालं."

चौथ्या दुपारी खरीच बस धरली. घरी पोचले तेव्हा धार चालू होती. हिरव्या पातळाचा पदर डोक्यावरून घेऊन नवरा म्हशीपाशी बसला होता. मला पाहून हातानंच खुणावलं, पुढे येऊ नको, ती दूध चढवंल. मी पिशवी धरून दाराशीच उभी राहिले. त्याची कंबर अवघडलेली दिसत होती. बादली भरत आली होती.

भाकरी थापत होते तेव्हा भावाचा फोन आला. मी विचारलं, "कशी आहे माय?"

"बरी आहे," तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "सारखी तुलेच पुसून राह्यली. म्हणते, एक रात तरी राह्य म्हणा तिले."

मी तवा उतरवला. उद्या सकाळची धार माझी होती, ती काढायची होतीच. अंगावरचं पातळ सोडून न धुताच खुंटीवर टांगलं, दुसरं नेसले, आणि पिशवी भरायला घेतली.