सतरंजीवरचं पुस्तक

ताई, मी निघाले त्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर तू रडत होतीस आणि बाबा माझी बॅग उपसत होते. वजन चार किलो जास्त भरलं होतं. आईनं दिलेलं तिखट आणि कुरड्या त्यांनी निमूटपणे तुझ्या हातात दिल्या, माझ्या दोन साड्या काढल्या, पण पुस्तक एकही काढलं नाही. "साड्या काय, तिथंही मिळतील," म्हणाले. मिशिगनमधल्या नोव्हायला पोचल्यावर कळलं की बर्फात साडीचा काही उपयोग नाही, पण तिखटाशिवाय माझं एक दिवसही भागत नाही. बाबांवर मी महिनाभर रुसले होते.

नोव्हायमध्ये एकोणतीस वर्षं गेली. प्रकाशची मोटारींच्या कंपनीतली नोकरी, लेकीची शाळा, चौदा एप्रिलच्या जयंतीला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये शंभर माणसांचा स्वयंपाक. तिथं मी रुळले होते. मग प्रकाश रिटायर झाला आणि आम्ही लेकीजवळ राहायला मॅसॅच्युसेट्समधल्या या छोट्या गावात आलो. ऐन साठीत मी पुन्हा नवखी झाले. तुझ्यासारखं इकडे न आलेल्यांना हे कदाचित कळणार नाही, पण इकडे आलेल्यांना कळेल: एकदा देश सोडला की वाटतं, झालं, आता आणखी काय सुटायचं आहे? आणि मग भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळं पुन्हा सुटतं.

गावात एका लेखिकेचं घर आहे, आता त्याचं म्युझियम केलंय. दीडशे वर्षांपूर्वीची बाई. लग्न केलं नाही. म्हातारी आई, विधवा बहीण आणि तिची तीन पोरं, सगळ्यांना लिहून जगवलं. स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला पावाचं पीठ मळलं जायचं, दुसऱ्या टोकाला ही लिहायची. गुरुवारी गावातल्या बाया तिथंच जमून गोधड्या शिवायच्या. एकदा धुणं करणारी एक कृष्णवर्णीय बाई आली, गुलामीतून सुटून आलेली. लेखिकेच्या आईनं तिला स्वतःशेजारची खुर्ची दिली, सगळ्यांच्याच किटलीतला चहा दिला. पुढच्या गुरुवारपासून निम्म्या बाया यायच्या बंद झाल्या. गोधड्या शिवणं चालूच राहिलं.

मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा गाईडनं हे दोन वाक्यांत उरकलं आणि सगळ्यांना जिन्याकडे नेलं. मी मात्र त्या खुर्चीपाशीच उभी. शाळेत वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं पिणारे आपले बाबा आठवले. ही गोष्ट इथं येणाऱ्यांना मी सांगणार, असं तिथल्या तिथं ठरवलं. गाईडचं काम बिनपगारी, तरी आधी टेस्ट टूर द्यावी लागते. दोन महिने मी कागद पाठ केले. इतका अभ्यास मी एम.ए.लाही केला नव्हता.

परीक्षक होती कॅरल, तिथली मुख्य. बैठकीची खोली छान झाली. शेकोटीपाशी चिंध्यांच्या सतरंजीवर पोरांचं एक जुनं पुस्तक उघडं ठेवलेलं असतं, जणू पोरं आत्ताच खेळायला पळाली. बोलता बोलता मी एक पाऊल मागे सरले आणि माझी टाच त्या पुस्तकाला लागली. पुढचं माझ्या हातात नव्हतं. मी झटकन वाकले, पुस्तकाला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

कॅरलचं पेन थांबलं. तिथला पहिला नियम, खऱ्या वस्तूला उघड्या हातानं शिवायचं नाही. मी कारण सांगितलं. आमच्या घरी देव्हारा नव्हता, पुस्तकांचं कपाट होतं, आई त्यालाच हात जोडायची आणि बाबा तिला चिडवायचे, "पाया काय पडतेस, वाच की!" कॅरलनं सगळं शांतपणे ऐकलं, आणि मला नापास केलं. पुन्हा दोन आठवड्यांनी ये म्हणाली. मी गाडीत बसून रडले, लाजेनं कमी आणि रागानं जास्त.

प्रकाशनं टीव्ही बंद करून माझी प्रॅक्टिस घेतली. हॉलमध्ये गालिच्यावर डिक्शनरी ठेवायची, मी उलटं चालत तिला पाय लावायचा. हात दर वेळी खाली जायचाच. "अगं यार, परत टच केलंस! हात खिशात ठेव ना!" प्रकाश ओरडायचा. लेक आली, बघून म्हणाली, "आई, व्हॉट आर यू गाइज डूइंग?" शेवटी मी दोन्ही हात खिशात कोंबून टूर द्यायचं पक्कं केलं.

दुसऱ्या वेळी हात खिशात ठेवूनच बैठकीच्या खोलीत शिरले. सतरंजी रिकामी होती. पुस्तक खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलेलं.

"तू गेल्यावर मी लेखिकेच्या आईची पत्रं पुन्हा काढून वाचली," कॅरल म्हणाली. "पुस्तक जमिनीवर टाकलं म्हणून ती पोरांना रागावलीय, एका पत्रात आहे ते. सतरंजीवर आम्हीच मांडलं होतं, दिसायला छान म्हणून."

एवढ्या वर्षांत या देशाला जमवून घेण्यासाठी मीच इकडची तिकडे सरकत आले होते. माझ्यासाठी इथली एखादी वस्तू पहिल्यांदाच हलली होती. मी खिशातले हात बाहेर काढले आणि स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीची गोष्ट सांगितली, दोन वाक्यांत नाही, चांगली दहा मिनिटं. या वेळी पास झाले.

तेव्हा ताई, आता रविवारी आमच्या सकाळी दहाला फोन करू नकोस. त्या वेळी माझ्या घरी पाहुणे असतात.