ती गिळत होती

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा बायकोचे टॉन्सिल काढावे लागले. पालघरच्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दहा दिवस मऊ, गार खायला द्या. कडक, तिखट काही नको. आठवड्याभरात खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं. सारखी गिळताना दिसली तर लगेच घेऊन या." मी खाण्याचं तेवढं लक्षात ठेवलं.

आम्ही बोईसरला भाड्याच्या खोलीत राहत होतो. माझी कारखान्यात पाळी असायची, म्हणून नवापूरहून सासूबाई आल्या. त्या सुकी मासळी विकायच्या. मी देशावरचा, आमच्याकडे मासळी शिजत नसे. बायकोपायी वासाची सवय करून घेतली होती, पण या बाई माझ्या माघारी माझ्या घरात आपलंच चालवतात, असं मला कायम वाटायचं.

तिसऱ्या दिवशी दाराबाहेर चपला काढताना बायकोची कुजबुज ऐकली.

"आई, एक बोंबील भाज ना."

"गप बस गो! बरी हो आदी, मंग पाटीभर खा."

दोघी हसल्या. ते हसणं मला खुपलं. त्या दिवसापासून मी भांडी हुंगू लागलो, केरात काटे शोधू लागलो. सापडले नाहीत, तेव्हा वाटलं, बाहेर नेऊन टाकत असतील.

सातव्या दिवशी पहिली पाळी करून दुपारी आलो. खोलीत बोंबलाचा वास, दाराशी सासूबाईंची पाटी. बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली. ओठ घट्ट मिटलेले, आणि गळा हलत होता. थांबून पुन्हा हलत होता.

"काय खाल्लंस? तोंड उघड."

तिने नुसती मान हलवली.

"काय दिलंत हिला?"

"काय नाय दिला," सासूबाई म्हणाल्या. "सकालपासून दूद पन घेत नाय ती. जावय, दवाखान्यात नेवया का?"

"आता भीती वाटते होय?"

मी पाटी उपसली. फडक्यात बाजारातून उरलेले बोंबील होते, न भाजलेले. तेही मी पुरावाच मानले. अर्धा तास मी बोलत होतो. मग ती उठून बसली आणि मोरीपर्यंत पोचण्याआधीच काळंलाल रक्त ओकली.

रिक्षाने पालघरला जाईपर्यंत सासूबाई तिचं डोकं पुढे वाकवून धरून होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून गिळतेय?" याचं उत्तर माझ्यापाशी होतं. मी म्हणालो, "यांनी सुकी मासळी खायला घातली."

डॉक्टर सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडले. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "माजी पोर वाचवा," एवढंच म्हणाल्या.

तिला पुन्हा भूल देऊन रक्त थांबवलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा दाराशी मी एकटाच होतो. "थोडक्यात वाचली. पोटात अन्नाचा कण नव्हता, नुसतं रक्त. खपली आपोआप सुटली असणार, असं कुणालाही होतं. अजून अर्धा तास उशीर केला असता तर..." सासूबाई लांब बाकावर बसल्या होत्या. त्यांना हे सांगायला मी गेलो नाही.

दोन दिवसांनी बायकोला थोडं बोलता आलं. "आई जेवत का नाही? तिला कोण काय बोललं?"

"डॉक्टर बोलले," मी म्हणालो.

सासूबाईंनी तिला शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. आता ती हे वाचेल.