घार आणि कुंडीखालचा भुंगेरा
आज दहा मार्च, मिरच्या वाळवायला गच्चीवर नेताना घारीची शीळ ऐकली आणि विक्रोळीच्या आमच्या जुन्या इमारतीतली एक सकाळ आठवली. तिथे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर घारीचं घरटं होतं, त्यात दोन पिल्लं. मी मिरच्या पसरत होते, नवरा मदतीला होता, तेवढ्यात घार मागून आली आणि तिनं नखांनी त्याच्या टाळूची कातडी फाडली. रक्त मानेवरून शर्टात उतरलं. घाईत मी मिरच्यांचंच फडकं जखमेवर दाबलं, तसा तो किंचाळला, "घार परवडली तुझ्यापेक्षा!" मग त्यानं कोपऱ्यातला बांबू उचलला. "ठेचतो त्या पिल्लांना!" मी त्याला धरून खाली बसवलं. शेजारच्या कुंडीखाली एक काळा भुंगेरा जिवंत गांडूळ मधोमध चिरून खात होता, गांडुळाची दोन्ही टोकं वळवळत होती. मी म्हटलं, "घारीनं एक फटका मारला आणि गेली. हा बघ, जित्याला खातोय." "मग काय, घारीची आरती करू?" सात टाके पडले. तरी बांबू त्यानं घरी आणून दाराशी ठेवला, उद्या घरटं पाडायचंच म्हणून. दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत मी बांबू फोडून कचऱ्यात टाकला, त्याचं हेल्मेट डोक्यावर घातलं आणि टाकीपासून लांबच्या टोकाला मिरच्या पसरल्या.